बाहेरचं काम, इथला हिशेब

या वेळचे बहुतेक प्रश्न ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या महापे, रबाळे, ऐरोली, वाशीतून आणि खाडीपलीकडच्या वागळे इस्टेट, घोडबंदर रोडवरून आलेत. विचारणारे वेगवेगळे, पण काळजी एकच: परदेशातून येणाऱ्या कामावर पोट आहे आणि ते काम बदलतंय. उत्तरांत शक्य तिथे आकडे मांडले आहेत. तुमचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करून पाहा.

प्रश्न : महापेत आमची ४२ जणांची कंपनी आहे. ६० टक्के उत्पन्न एकाच अमेरिकी क्लायंटकडून येतं. त्यांच्या विमा सॉफ्टवेअरची देखभाल आणि थोडं नवं काम करतो. आता त्यांचं पत्र आलंय, ‘एआयमुळे तुमचे तास वाचत असणार, दर २० टक्क्यांनी कमी करा.’ काय उत्तर द्यावं?
— कंपनीचालक, महापे

लगेच ‘हो’ लिहू नका आणि ‘नाही’ही लिहू नका. तीन आठवड्यांची मुदत मागा. एवढी मुदत कुठलाही जुना क्लायंट देतो.

पहिल्या आठवड्यात मागच्या पूर्ण १२ महिन्यांची तिकिटं, म्हणजे क्लायंटने नोंदवलेल्या तक्रारी आणि कामं, काढा. बरेच जण सहा महिन्यांवर भागवतात आणि तिथेच फसतात. थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत बऱ्याच अमेरिकी कंपन्या प्रॉडक्शनमधले (प्रत्यक्ष वापरात असलेल्या सिस्टिममधले) बदल गोठवतात, त्यामुळे त्या दिवसांत तिकिटं कमी येतात. जुलै ते डिसेंबरची सरासरी धरलीत, तर पुढच्या मार्च-एप्रिलचं जादा काम तुमच्या माथी पडेल. प्रत्येक तिकिटासमोर तीनच गोष्टी लिहा: किती तास लागले, किती वेळा परत उघडलं आणि शेवटी कोणी सोडवलं.

दुसऱ्या आठवड्यात क्लायंटची लेखी परवानगी घेऊन दोन-तीन जणांना खऱ्या तिकिटांवर एआय साधन वापरू द्या. परवानगीशिवाय त्यांचा कोड कुठल्याही साधनात टाकणं हा गोपनीयतेच्या कलमाचा भंग ठरू शकतो. साधनही कंपनीसाठीच्या योजनेचंच घ्या, ज्याच्या करारात ‘तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरणार नाही’ असं लिहिलेलं असतं. रिपोर्टमधले फेरफार, टेस्ट डेटा तयार करणं, जुना कोड समजून घेणं यांत वेळ चांगला वाचतो. प्रीमियमचं गणित चुकलं किंवा रात्री प्रॉडक्शन बंद पडलं, तर फारसा वाचत नाही. तिथला वेळ कोड लिहिण्यात जात नसतोच. कुठला नियम कधी आणि का घातला होता हे शोधण्यात आणि दुरुस्ती बरोबर आहे याची खात्री करण्यात तो जातो. म्हणून सरसकट २० टक्के हा आकडाच चुकीचा आहे.

आता हिशेब. समजा आठ जण, ताशी २२ डॉलर, महिन्याला प्रत्येकी १६० तास. बिल होतं २८,१६० डॉलर. सोयीसाठी डॉलर ८५ रुपये धरू. उत्पन्न २३,९३,६०० रुपये. पगार, जागा, लॅपटॉप, विमा धरून माणशी खर्च १,६०,००० म्हणजे एकूण १२,८०,००० रुपये. उरतात ११,१३,६००. दर २० टक्के उतरवला, तर उत्पन्न १९,१४,८८० आणि शिल्लक ६,३४,८८०. कपात २० टक्क्यांची, पण शिल्लक ४३ टक्के गेली. वाटाघाटीला बसण्याआधी हा आकडा तोंडपाठ हवा.

आता दुसरा प्रस्ताव मांडा. महिन्याला सरासरी ४०० तिकिटं असतील, तर आज क्लायंटला एक तिकीट ७०.४० डॉलरला पडतं. तुम्ही ६४ डॉलरचा भाव द्या. त्याचं बिल २५,६०० वर येतं, म्हणजे सुमारे ९ टक्के बचत, आणि किती माणसं लावायची ही चिंता त्याच्याकडे राहत नाही. तुमचं उत्पन्न २१,७६,००० रुपये. तेच काम सहा जणांत बसलं, तर खर्च ९,६०,०००, वर साधनांचे ३०,००० धरा. शिल्लक ११,८६,०००. समजा वेळ वाचलाच नाही आणि आठही जण लागले, तरी ८,६६,००० उरतात. सरळ दरकपातीपेक्षा तेही बरं.

मात्र हा करार नीट लिहिला नाही, तर तो तासांच्या करारापेक्षा वाईट निघतो. पुढची कलमं सोडू नका. महिन्याला ३२० ते ४८० तिकिटांपर्यंतच हा भाव. त्याखाली गेलं तरी ३२० तिकिटांचे २०,४८० डॉलर मिळायलाच हवेत, आणि ४८० च्या वर वेगळा भाव. तिकिटांचे वजनानुसार तीन वर्ग करा आणि प्रत्येकाची चार-पाच खरी उदाहरणं परिशिष्टात जोडा, नाहीतर एका तिकिटाच्या पोटात पाच कामं घालून पाठवली जातात. तेच तिकीट १४ दिवसांत परत उघडलं, तर पैसे मागायचे नाहीत. ही अट तुम्ही स्वतःहून घाला. तासावर काम करणारा पुरवठादार चूक दुरुस्त करण्याचेही तास लावतो, हे क्लायंटला पक्कं माहीत असतं. तुम्ही कामाची जबाबदारी घेताय हे त्याला या एका ओळीतून कळतं, आणि ६४ डॉलरचा भाव त्याच जोरावर टिकतो.

आणखी एक मुद्दा, जो आपल्याकडे फारसा कोणी मांडत नाही. अमेरिकी कंपनीला परदेशात करून घेतलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा खर्च करासाठी त्याच वर्षी वजा करता येत नाही. तो १५ वर्षांत विभागावा लागतो. जुलै २०२५ च्या कायद्याने अमेरिकेतच केलेल्या विकासाचा खर्च त्याच वर्षी वजा करायची मुभा परत मिळाली, परदेशातला मात्र १५ वर्षांवरच राहिला. म्हणजे दर तोच असूनही तुमचं काम त्यांना महाग पडू लागलंय, आणि दरकपातीच्या पत्रामागे हेही कारण असू शकतं. चालू सॉफ्टवेअरच्या निव्वळ देखभालीला आणि चुका सुधारण्याला हा नियम त्याच पद्धतीने लागत नाही. त्यामुळे देखभाल आणि नवा विकास यांचं स्टेटमेंट ऑफ वर्क (कराराला जोडलेलं कामाचं वर्णन) वेगळं करा, बिलातही दोन वेगळ्या ओळी दाखवा आणि तास खरेखुरे त्या-त्या ओळीखाली टाका. अंतिम निर्णय त्यांचा करसल्लागार घेईल, पण कागद तयार नसतील तर तो सगळंच विकासात ढकलेल.

मोकळे झालेले दोघं बेंचवर (कामाविना, पगारावर) बसले, तर वाचलेले ३,२०,००० रुपये तिथेच संपतात. त्यांचं पुढचं काम करारावर सही होण्याआधी ठरवा. आणि प्रॉडक्शनच्या बिघाडावर अनुभवी माणसाशेजारी एक नवखा बसवाच, त्याचे तास बिलात येत नसले तरी. सोपी तिकिटं एआयकडे गेली, तर नवख्यांना शिकायची जागाच उरत नाही, आणि तीन वर्षांनी बिघाड सोडवणारं कोणी नसेल.

राहिली ६० टक्क्यांची गोष्ट. या वाटाघाटीत भावाच्या बदल्यात एक मागून घ्या: करार मोडायची नोटीस ३० दिवसांची असेल तर ती ९० दिवसांची करा आणि हस्तांतराच्या कामाचे पैसे वेगळे ठेवा. नवा क्लायंट दोन महिन्यांत मिळत नसतो.

प्रश्न : ११ वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतो, बहुतेक विमा कंपन्यांचं काम. वय ३८. कंपनीत ‘एआय शिका’ म्हणतात, पण नेमकं काय ते कोणी सांगत नाही. एचआरने परवा ‘राजीनाम्याचा विचार करा’ असंही सुचवलं. काय शिकू आणि काय करू?
— टेस्टर, घोडबंदर रोड, ठाणे

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघू. एक उदाहरण घ्या. ब्रिटनच्या विमा कंपनीची फाइल आली आहे, त्यात हप्त्याची तारीख ०३/०४/२०२५ अशी लिहिलेली. डेव्हलपरने एआयकडून तारीख वाचणारा कोड लिहून घेतला. त्याने महिना आधी धरला, म्हणजे ४ मार्च. मग त्याच एआयकडून टेस्टही लिहून घेतल्या. त्यांतही अपेक्षित उत्तर ४ मार्चच. सगळं हिरवं, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. ब्रिटनमध्ये मात्र ही तारीख ३ एप्रिल असते. हप्त्याला ३० दिवसांची सवलत धरली, तर खरी मुदत ३ मेपर्यंत आहे, पण सिस्टिमच्या मते ती ३ एप्रिललाच संपली. १५ एप्रिलचा दावा फेटाळला जातो.

पुढे अजून वाईट. २५/०३/२०२५ ही तारीख आली की २५ वा महिना नसतो, म्हणून तयार कोडच्या काही लायब्रऱ्या गुपचूप दिवस आधी धरून मोकळ्या होतात. एकाच फाइलमधल्या १ ते १२ तारखा एका पद्धतीने वाचल्या जातात आणि १३ ते ३१ दुसऱ्या पद्धतीने. कुठेही एरर येत नाही. ज्याने दावे हाताळलेत त्याला हे सुचतं: एक तारीख १२ च्या आतली घे, एक बाहेरची घे, एक २९ फेब्रुवारीची घे, आणि उत्तर कोडवरून काढू नकोस, पॉलिसीच्या अटींवरून काढ. कोड आणि टेस्ट एकाच गृहीतकातून आल्या की टेस्टला अर्थ राहत नाही. एआयने कोड लिहायचं प्रमाण वाढेल तसं हे काम वाढणार आहे, कमी होणार नाही.

मात्र ते हाताने क्लिक करून करता येणार नाही. आठवड्याला आठ तास काढलेत, तर १६ आठवडे पुरतात. पहिले चार एसक्यूएलला (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला) द्या. जॉइन, ग्रुप बाय आणि दोन तक्त्यांतल्या न जुळणाऱ्या ओळी शोधणं एवढं पक्कं करा. पुढचे चार एपीआय टेस्टिंगला (दोन सिस्टिम एकमेकींशी बोलतात ते तपासायला), पोस्टमन या साधनाने सुरुवात करा. त्यानंतरचे सहा प्लेराइट (ब्राउझरमधल्या टेस्ट आपोआप चालवणारं साधन) आणि गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). भाषा टाइपस्क्रिप्ट किंवा पायथन, तुमच्या टीममध्ये असेल ती. शंभर टेस्ट लिहायच्या मागे लागू नका, दहा प्रवाह (सुरुवातीपासून शेवटपर्यंतची कामं) पूर्ण करा. नवशिक्यांच्या टेस्ट आज चालतात, उद्या पडतात, कारण मध्ये ‘पाच सेकंद थांब’ असं घातलेलं असतं. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी बटण दिसेपर्यंत थांबायला सांगा आणि घटक त्याच्या भूमिकेवरून किंवा लेबलवरून शोधा, पानाच्या रचनेवरून नको.

शेवटचे दोन आठवडे एआयची उत्तरं तपासायला. विमा कंपनीचा चॅटबॉट असेल असं धरा आणि २०० प्रश्न लिहा. प्रत्येकाचं अचूक उत्तर, ते पॉलिसीच्या कुठल्या कलमावरून आलं आणि काय सांगितलं तर चूक धरायची, हेही लिहा. ५० प्रश्न असे हवेत ज्यांचं बरोबर उत्तर ‘हे मला सांगता येणार नाही’ असं आहे. मॉडेल बदललं की हाच संच पुन्हा चालवायचा. असा संच बनवायला विम्यातली जाण लागते आणि ती तुमच्याकडे आहे. ती कागदावर दाखवायची असेल, तर भारतीय विमा संस्थेची लायसन्शिएट परीक्षा द्या. आमच्या मते तुमच्या बाबतीत एआयच्या घाऊक प्रमाणपत्रांपेक्षा ती जास्त उपयोगाची.

आता राजीनामा. मीटिंगमध्ये पुढे केलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. ‘विचार करून लेखी कळवतो’ म्हणा आणि काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी एचआरला ईमेलने लिहा. याच कंपनीत सलग पाच वर्षं झाली असतील, तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते. सूत्र: शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ४०,००० वर ११ वर्षांचे सुमारे २,५३,८०० रुपये होतात, आणि ते ३० दिवसांत द्यायचे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे भत्त्यांचा वाटा मोठा असेल तर ग्रॅच्युइटीचा पाया वाढू शकतो, तेही तपासा. राजीनामा असो वा कपात, थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. कपातीची भरपाई मात्र कपात केली तरच मिळते. स्वतः राजीनामा दिला की तो हक्कच मागता येत नाही. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता की नाही हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. नेमणूकपत्र आणि मागच्या वर्षाची कामाची नोंद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा.

प्रश्न : आम्ही १५ जणी-जण ब्रिटनमधल्या अकाउंटंट फर्म्सचं बुककीपिंग करतो. एका फर्मने ११० प्रश्नांची सुरक्षेची यादी पाठवली आहे आणि ‘आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र) आहे का?’ असं विचारलंय. इतक्या लहान कंपनीने ते करावं का?
— संचालिका, रबाळे

यादीचं उत्तर आठवड्याभरात द्या. प्रमाणपत्राचा निर्णय सावकाश घ्या. अशा याद्यांत ‘नाही, पण अमुक तारखेपर्यंत करू’ हे उत्तर चालतं. खोटं ‘हो’ चालत नाही, कारण ती यादी बहुतेक वेळा कराराला जोडली जाते आणि पुढे काही झालं तर तोच पुरावा होतो.

तुमच्या आकाराच्या ऑफिसात डेटा बाहेर जातो तो हॅकिंगने कमी आणि सवयीने जास्त. शंका विचारायला स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला जातो. तिघी एकाच लॉगिनने काम करतात. नोकरी सोडलेल्या मुलाचं खातं दोन महिने चालूच राहतं. आधी हे बंद करा: प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, दोन टप्प्यांची ओळखपडताळणी, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली, यूएसबी बंद, शंकांसाठी कंपनीचं स्वतःचं चॅट. नोकरी सोडण्याच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सगळी खाती बंद, आणि कोणी केली त्याची सही. एवढं झालं की ११० पैकी बऱ्याच प्रश्नांना खरं ‘हो’ लिहिता येईल.

कायद्याचं बघायचं तर तीन घड्याळं एकाच वेळी चालतात. ब्रिटनच्या डेटा संरक्षण नियमांनुसार (जीडीपीआर) डेटा फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवायची जबाबदारी तुमच्या क्लायंटची आहे. तुम्ही प्रक्रिया करणारे, तुम्ही त्याला विनाविलंब कळवायचं. करारात तो ‘२४ तास’ लिहून मागेल, ते मान्य करण्यासारखं आहे. इथे सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आणि लॉग (सिस्टिमच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. म्हणजे पहिला फोन कोणी करायचा, रविवारी कोण, हे एका पानावर लिहून भिंतीवर हवं. ब्रिटनमधून डेटा इकडे येतो त्यासाठी त्यांच्या नियामकाचा हस्तांतर करार किंवा युरोपीय प्रमाणित कलमांना जोडायचं ब्रिटिश परिशिष्ट लागतं. मसुदा क्लायंटकडूनच येतो. त्यातलं सुरक्षा उपायांचं परिशिष्ट मात्र तुम्ही स्वतः भरा, कारण तिथे लिहिलेलं पाळणार तुम्हीच आहात.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात परदेशी व्यक्तींचा डेटा परदेशी करारानुसार हाताळणाऱ्यांना बरीच सूट आहे. पण वाजवी सुरक्षा ठेवण्याचं बंधन त्या सुटीतही कायम आहे, आणि कमाल दंड २५० कोटींपर्यंतचा आहे. तुमच्या १५ जणांचा पगाराचा, आधारचा डेटा तर सुटीत येतच नाही.

आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणं आहेत. ती सगळी लागू असतातच असं नाही. जी लागू नाहीत त्यांचं कारण लिहायचं असतं. एकाच क्लायंटने विचारलं असेल, तर थांबा. तीन जणांनी विचारलं किंवा अमेरिकी कामही घ्यायचं असेल, तर सुरू करा. सल्लागार नेमलात तर धोरणं त्याच्याकडून आयती घेऊ नका. ‘सर्व्हर रूमचा तापमान अहवाल’ असलेली धोरणं सर्व्हर रूमच नसलेल्या ऑफिसात सापडतात, आणि ऑडिटर पहिलं बोट तिथेच ठेवतो.

प्रश्न : एचवनबीचं, म्हणजे अमेरिकेतल्या कामाच्या व्हिसाचं, शुल्क १ लाख डॉलर झालं. आमचा एकच ऑनसाइट (अमेरिकेत क्लायंटकडे बसणारा) समन्वयक होता, तो परत येतोय. नवा पाठवणं परवडत नाही. काम इथूनच चालेल का?
— प्रोजेक्ट मॅनेजर, ऐरोली

चालेल, पण मीटिंगा वाढवून नाही. सप्टेंबर २०२५ च्या अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशातलं शुल्क अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला आहे, त्यामुळे तुमची अडचण खरीच आहे. समन्वयक नेमकं काय करायचा ते तो असेपर्यंत एका आठवड्याच्या नोंदीतून काढा. निम्मं काम म्हणजे क्लायंटच्या माणसांना टेबलापाशी जाऊन ‘याचा अर्थ काय’ विचारणं असतं. ते प्रश्न आता लेखी जायला हवेत: प्रश्न, आमचा अंदाज, आणि ‘अमुक वेळेपर्यंत उत्तर नाही आलं तर अंदाजाप्रमाणे पुढे जाऊ.’ ही तिसरी ओळ नसेल, तर प्रत्येक शंकेमागे एक दिवस जातो.

न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. घड्याळं तिकडे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. ऐरोलीत संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा ही खिडकी दोन्ही मोसमांत पुरते, मात्र हिवाळ्यात त्यांची सकाळ आठला सुरू होते. सगळ्यांना त्या वेळेत बसवू नका. दोघं पुरतात, आठवड्याच्या पाळीने. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलांना रात्री साडेनऊनंतर काम द्यायचं तर त्यांची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत वाहन लागतं. गाडीचा खर्च भावात धरा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या शेवटच्या गाड्यांच्या भरवशावर माणसं सोडू नका.

आउटसोर्सिंगवर २५ टक्के कर लावायचं विधेयकही सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत मांडलं गेलं. विधेयक म्हणजे कायदा नव्हे, त्यासाठी भाव बदलू नका. पुढच्या करारात ‘देणाऱ्याच्या देशात लागू होणारा नवा कर देणाऱ्याकडे’ ही ओळ मात्र घाला.

प्रश्न : परदेशी कंपन्या इथेच स्वतःची केंद्रं उघडतायत. आमचे लोक तिकडे जातात आणि कामही. लहान पुरवठादाराने काय करायचं?
— भागीदार, वागळे इस्टेट

माणसं जाणं पगाराने थांबवता येणार नाही, त्यात पैसा घालवू नका. या केंद्रांना काम मात्र विका. सुरुवातीच्या दीड-दोन वर्षांत त्यांना टेस्टिंग, डेटा स्थलांतर, पेरोल जोडणी अशी मुदतीची कामं बाहेर द्यावीच लागतात.

हिशेब बदलतो तो असा. केंद्र भारतीय कंपनी आहे, म्हणून बिल रुपयांत आणि वर १८ टक्के जीएसटी. तो तुम्ही पुढच्या महिन्यात भरणार, पैसे येणार दोन महिन्यांनी. दहा लाखांच्या बिलामागे १,८०,००० रुपये खिशातून आधी जातात. केंद्र सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल, तर पुरवठा शून्य दराचा होतो, पण तुमचं एलयूटी (कर न भरता पुरवठा करण्यासाठीचं हमीपत्र) आणि त्यांच्याकडून ‘अधिकृत कामासाठी’ असल्याची नोंद लागते. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) लगेच करा. १ एप्रिल २०२५ पासून १०० कोटी उलाढाल आणि २५ कोटी गुंतवणुकीपर्यंत लघुउद्योग धरला जातो. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराला करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यांच्या छापील करारात ‘९० दिवस’ असतं. ते खोडून ४५ करा आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

प्रश्न : सिंगापूरच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर सपोर्ट करतो. जीएसटीची नोटीस आली, ‘तुम्ही मध्यस्थ आहात, निर्यात नाही, १८ टक्के भरा.’
— व्यावसायिक, वाशी

घाबरून भरू नका. मध्यस्थ ठरायला तीन पक्ष लागतात: दोघं ज्यांचा आपसांत व्यवहार आहे, आणि तिसरा जो तो जुळवून देतो. २० सप्टेंबर २०२१ च्या १५९ क्रमांकाच्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. तुम्ही स्वतः सपोर्ट देत असाल, तर तुम्ही मुख्य पुरवठादार. मध्यस्थाची सेवा निर्यात न धरणारं कलमच काढून टाकायची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या बैठकीत केली, पण मागच्या वर्षांच्या नोटिशीला उत्तर त्या वर्षांच्या कायद्यानेच द्यावं लागतं.

उत्तरासोबत करार, तिकिटांची यादी, ईमेल आणि बँकेचं परकीय चलन जमा झाल्याचं पत्र जोडा. बँकेने लावलेला पर्पज कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक) बघा. सॉफ्टवेअरच्या कामावर ‘कमिशन’चा कोड पडला असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या. बिलात ‘यांच्या वतीने’, ‘मार्केटिंग साहाय्य’, ‘कमिशन’ असे शब्द असतील, तर नोटीस बहुधा तिथूनच आलेली असते. दिलेल्या सेवेचं नाव सरळ लिहा. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं असतं, मार्च संपायच्या आत. परताव्याचा अर्ज दोन वर्षांत करायचा, ती मुदत गेली की पैसे गेले. आणि नोटिशीवर उत्तराची जी तारीख छापली आहे, तिच्या निदान चार दिवस आधी पोर्टलवर उत्तर चढवा. जोडलेले कागद पोर्टलवर उघडतात का ते स्वतः तपासा आणि पोचपावतीची प्रत काढून ठेवा.